विहिरीवरचा एकला चंडोल

थरपारकर, जानेवारी १९३४

तीर्थरूप आबा, हौशीराम लांबूनच पाया पडतो.

मी बरा हाय. साहेब हितले वाळूच्या रंगाचे बारके चंडोल मोजून घेतो. मी मोजत जातो, शेवटचा आकडा कारकून लिहितो. तीन सालांमागं या विहिरीवर चाळीस व्हते, गेल्या साली नऊ.

काल एकच दिसला. खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला आपण एक न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, तसंच मी सवयीनं म्हणालो. सिंधी कारकुनानं पुढच्या आकड्याची वाट बघितली आन् शून्य लिहिलं. मला कळलं तवर कागद मुंबईला गेलता.

आज त्यो तितंच गात व्हता.

खोकला कामशेतच्या डाक्तरला दाखवला का? आईच्या मागं घरात तुमी एकलेच. कुणाकडून तरी चार ओळी लिहून धाडा.

तुमचा हौशीराम