तळघरातल्या गुलाबी पाण्याचे वारस

मी, सुलेखा चंद्रशेखर दाबके, वय वर्षे एकाहत्तर, राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, माझी बुद्धी, स्मरणशक्ती आणि जीभ तिन्ही धड असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता (तशी हिंमत या घरात कोणी केलेली नाही) हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. वकिलांनी इंग्रजीत केलेले चार पानी मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये आहे. त्यात घर आणि पैसा आला, माणसे आली नाहीत. हे त्याला जोडावे. माझी मुलगी आश्लेषा हिला देवनागरी अडखळत वाचता येते, म्हणून माझे पती चंद्रशेखर यांनी ते तिला मोठ्याने वाचून दाखवावे आणि वाचताना स्वतःबद्दलची वाक्ये गाळू नयेत.

माझी प्रकृती उत्तम आहे. घाई एवढ्यासाठीच की आमच्या तळघरात तीन बरण्यांमध्ये एक सूक्ष्म जीव वाढतो आहे. त्याला अजून नाव नाही, आणि मी गेल्यावर त्याचे कोण करणार हे ठरलेले नाही.

कलम १. घर चंद्रशेखर यांच्याकडे राहील, त्यांच्यानंतर आश्लेषाकडे जाईल. वॉटर हीटरशेजारची उबदार फळी मात्र आजपासूनच बरण्यांची आहे. तिथे रंगाचे अर्धे डबे ठेवू नयेत.

कलम २. मीठ. इथले पाणी जड, त्यामुळे घरोघरी ते मऊ करणारे यंत्र असते आणि त्याच्या टाकीत पोत्याने मीठ ओतावे लागते. चंद्रशेखर यांनी तीस वर्षे हट्टाने पिवळ्या पिशवीतले, उन्हात वाळवलेले, मातकट, स्वस्त मीठच आणले. मी तीस वर्षे त्यावरून बोलत आले. चार वर्षांपूर्वी टाकीचे झाकण उघडले तर आत पाणी गुलाबी!

"गंज असेल, धुऊन टाकतो," हे म्हणाले.

"हात लावून तर बघा!" मी म्हणाले.

मी एकतीस वर्षे शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम केले. पाण्यात काही वाढत नाही ना, एवढेच बघायचे. जंतू वाढवून बघायची बशी कोरी निघाली की दिवस चांगला गेला म्हणायचे. निवृत्तीनंतर आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की काहीतरी वाढावे, आणि ते वाढले. तो जीव त्या पिवळ्या पिशवीतूनच आला असणार. म्हणून मिठाबद्दल मी जे जे बोलले ते सर्व या कलमान्वये मागे घेते. इतर विषयांवर जे बोलले ते कायम आहे.

कलम ३. माझा मायक्रोस्कोप आणि जीव उचलायचा प्लॅटिनमच्या तारेचा लूप निमिष यास द्यावा. निमिष विद्यापीठात संशोधक आहे. विद्यार्थी असताना शनिवार-रविवार आमच्याकडे जेवायला असायचा. त्यानेच या जीवाचा जीनोम वाचला आणि फोन केला, "काकू, हा बॅक्टेरिया नाहीच आहे! आर्किया आहे, टोटली वेगळं घराणं. आणि हा आधी कोणी डिस्क्राइबच केलेला नाही, यार!" काकूला यार म्हणाल्याबद्दल त्याने लगेच माफी मागितली. मला ती नीट ऐकूही आली नाही, कारण मी स्वयंपाकघरात नाचत होते.

कलम ४. पाच लिटरचा प्रेशर कुकर. यात बरण्या निर्जंतुक होतात. त्यात पुन्हा वरणाचा डबा लावल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम ५. आता जुनी तक्रार.

नव्या जीवाला वाटेल तेव्हा नाव देता येत नाही. तो जिवंत असावा लागतो, आणि दोन वेगवेगळ्या देशांतल्या, असे जीव जतन करणाऱ्या संग्रहांनी तो वाढवून पाहून तसे लेखी कळवावे लागते. मगच नाव अधिकृत होते. आम्ही पहिले पार्सल पाठवण्याच्या बेतात होतो. त्या जानेवारीत मी आणि चंद्रशेखर आठवडाभर ओहायोत डब्लिनला माझ्या नणंदेकडे गेलो. आमच्या लग्नाचा पंचेचाळिसावा वाढदिवस जवळ आला होता, म्हणून आश्लेषाने आम्हाला सरप्राइज द्यायचे ठरवले. ती हायस्कुलात बँड शिकवते, तिचा हात सढळ आणि उत्साह दांडगा. तिने पाण्याचे नवे यंत्र बसवून घेतले, जुनी टाकी उचलायला लावली, आणि फळीवरच्या बरण्यांमधले पाणी नासले असे समजून त्या गरम पाण्याने स्वच्छ धुतल्या. मिठात राहणाऱ्या या जीवांना गोडे पाणी लागले की ते जागच्या जागी फुटतात. निमिषकडे नुसता जीनोम उरला, जिवंत काहीच नाही.

मी तिला तेव्हा म्हणाले, "तुला आईचं कधी काही कळलंच नाही." ती गाडी काढून गेली.

दुसऱ्या दिवशी बाहेर उणे बारा होते. तिने टाकी नेणाऱ्या माणसाचा पत्ता काढला, त्याच्या अंगणात बर्फाखाली पडलेल्या चाळीसेक टाक्यांतून आमची शोधली, आणि गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडायच्या खरवडणीने तळाशी विटेसारखे बसलेले मीठ फोडले. खरवडणी मोडली. मग तिने पान्याने फोडले. दुपारी ती कूलर घेऊन दारात उभी राहिली. नाक लाल, हातमोजा फाटलेला.

"आय डोन्ट नो इफ दिस इज द राइट पार्ट, आई. सो आय ब्रॉट ऑल ऑफ इट."

मिठाच्या खड्यांत हे जीव कोंडून घेऊन राहतात, पुष्कळ काळ राहतात. मला पुस्तकातून ठाऊक होते, पण खात्री नव्हती. ते खडे मी खाऱ्या पाण्यात घातले आणि सात आठवडे रोज सकाळी दात घासायच्या आधी खाली जाऊन पाहिले. सातव्या आठवड्यात एका बरणीच्या कडेला गुलाबी झाक दिसली. मी जिन्यातूनच ओरडले, "अहो, आलं!" चंद्रशेखर अर्धी दाढी तशीच ठेवून खाली आले. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

आश्लेषा, त्या दिवशी मी जे म्हणाले ते खोटे होते. मला माफ कर.

कलम ६. म्हणून तिन्ही बरण्या आश्लेषाला. सगळ्यांना वाटते त्या निमिषला मिळतील. निमिष हुशार आहे, पण बर्फातून टाकी शोधायला तो अगोदर परवानगीची ईमेल पाठवेल. इथल्या संग्रहात जीव पोचला आणि वाढला. जर्मनीला पाठवलेले पहिले पार्सल वाटेतच मेले, दुसरे सप्टेंबरात गेले आहे. तेही मेले तर तिसरे आश्लेषाने पाठवावे, आणि तेही मेले तर चौथे.

कलम ७. नाव. दोन शब्दांचे असते. पहिला शब्द आडनावासारखा, तो ठरलेलाच आहे. दुसरा आपण निवडायचा. शोधणाऱ्याने स्वतःचे नाव देऊ नये असा दंडक आहे, तेव्हा मी बाद. चंद्रशेखर रोज जेवताना विचारतात, "पण मीठ कोणी आणलं?" माझ्या नणंदबाई शैलजावन्सं यांचे म्हणणे असे की बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि या घरातली आत्या त्या. त्यांनी तो मान एकदा बजावलेला आहे. मुलीचे नाव नीना ठेवायचे घरात ठरले होते, अमेरिकेत सोपे पडावे म्हणून. वन्संनी पाळण्यात वाकून तिच्या कानात परस्पर जन्मनक्षत्र सांगितले. पहिलीतल्या बाईंनी आठवड्याभरात त्याचे ॲश करून टाकले, आणि तेव्हापासून ती सगळ्यांची ॲश आहे. त्यामुळे वन्संना दुसरी संधी नाही. मी निवडलेले नाव पाकिटात बंद करून ठेवले आहे. ते माझ्या मृत्यूनंतर उघडावे.

पुरवणी, १४ नोव्हेंबर. काल जर्मनीहून कळवले की दुसरे पार्सल वाढले, छान गुलाबी झाले. निमिषचा आणि माझा शोधनिबंध आता पाठवता येईल, आणि त्यात नावाची जागा कोरी सोडता येत नाही. तसेही, माझ्या मागे कळण्यात मला काय मजा? कलम ७ मधले पाकीट रद्द. मी आज सकाळी आश्लेषाला फोन करून सांगितले की नाव तिचे आहे.

"लाइक... ॲश?" तिने विचारले.

"नाही गं. पूर्ण. लॅटिन शेपटासकट. आश्लेषाए."

ती म्हणाली, "आई, नोबडी विल बी एबल टू से इट."

"शिकतील," मी म्हणाले.

मग तिने ते स्वतःच म्हणून पाहिले, सावकाश, एकेक अक्षर. दुसऱ्यांदा म्हणताना तिला रडू आले, आणि मलाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि त्याखाली सही करत आहे.

सुलेखा चंद्रशेखर दाबके
ईडन प्रेरी, मिनेसोटा. १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार (ज्यांना वारसा मिळायचा त्यांनी साक्षीला राहू नये असा वकिलांचा सल्ला आहे, म्हणून खालील नावे विचारपूर्वक निवडली आहेत):

१. शैलजा दाबके, डब्लिन, ओहायो (सध्या मुक्काम ईडन प्रेरी). सही करते. नाव मीच ठेवले होते, याची नोंद व्हावी.
२. परीक्षित मोहरीर, शेजारी. सुलेखाबाई आणि शैलजाबाई यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या. दोघीही हसत होत्या.