खेचराचं पुढे काय झालं

सफाक्स, १२ फेब्रुवारी १९८६

चि. मोंजीस,
थोरल्या बहिणीचा सलाम आणि अनेक आशीर्वाद, वि. वि.

बोटीच्या तांडेलाकडे एक पुडकं दिलं आहे. त्यात कॅसेटी आहेत. समुद्रात फेकू नकोस, आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या वसीलावर डाफरू नकोस. त्या बिचारीचा यात काही हात नाही.

डोळे गेल्यावर तू पुस्तकांची अख्खी पेटी माझ्याकडे रवाना केलीस, वर निरोप काय, तर मासे गुंडाळायला घे. मी एकही पान मासळीला लावलं नाही. सगळी ग्रंथालयाला दिली. तिथे आता डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांसाठी वेगळा विभाग निघाला आहे. एका खोलीत बोटांनी वाचायची ठिपक्यांची पुस्तकं, आणि दुसरीत आम्ही मोठ्याने वाचून कॅसेटी भरणारे. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. थंडीत बरं वाटतं, उन्हाळ्यात आमची उकड होणार.

विभागाचे प्रमुख सी फरहात. जन्मापासून अंध, आणि जिभेला हाड नाही. त्यांचा नियम एकच, छापलंय ते अक्षरन् अक्षर वाचायचं. छापखान्याने चूक केली असेल तर ती चूकसुद्धा. माझ्या आधीच्या बाईंनी एक शिवी गाळली, तर त्यांना हसतमुखाने निरोप दिला म्हणे.

मी पहिलं पुस्तक घेतलं ते तुझंच, मीठ वाहणाऱ्या म्हाताऱ्याचं आणि त्याच्या खेचराचं. शाळेत तू ते दरवर्षी पोरांना शिकवायचास आणि घरी येऊन आम्हालाही सोडायचा नाहीस. ऐक, आणि आवडलं नाही तर तसं कळव, म्हणजे निदान तुझं पत्र तरी येईल. मी स्वतः आले असते, पण बोटीचं आणि माझ्या पोटाचं जमत नाही हे तू जाणतोसच.

माया आहेच, ती तुझ्या रुसव्याने आटणारी नाही.
तुझी,
दूजाताई

---

रम्ला, केर्केना बेट, ३ मार्च १९८६

प्रिय ताईस,
मोंजीचा सलाम, वि. वि. अक्षर वसीलाचं, शब्द माझे.

पुडकं पोचलं. वाचून दाखवणं हे पाळण्यातल्या पोरांसाठी असतं, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. तरी वसीलाने यंत्र लावलं, मी काही कान बंद करून घेऊ शकत नव्हतो. तू मासळीबाजारात उभी असल्यासारखी वाचतेस. स्वल्पविरामाला थांबत नाहीस आणि पूर्णविरामाला चहा पिऊन येतेस.

पण एक विचारायचं आहे. शेवटी ते खेचर खारट दलदलीत रुतून मरतं ना? तुझ्या कॅसेटीत ते पहाटे घरी येतं आणि खुराने दार ठोठावतं. वर असंही आहे की पुढे ते बरीच वर्षं सुखाने जगलं. मी हा धडा उभी हयात शिकवला. शेवटचं पान वाचताना मागच्या बाकावरची पोरं नाक पुसायची, हे मला लख्ख आठवतं. का मलाच तसं वाटतंय? पुस्तकाची ती आवृत्ती संपून काळ लोटला, इथे कुणाकडे प्रत नाही. तू एकदा बघून कळव.

तब्येत ठीक. अंगणात वाळत घातलेल्या माकुळांवर मांजरांचा डोळा आहे, तेवढं एक राखणीचं काम मला कानांनी करता येतं.

कृपादृष्टी असावी, टोमणे नसले तरी चालतील.
तुझा,
मोंजी

ता. क. वन्सं, हे मी माझं लिहिते आहे, यांना माहीत नाही. कान बंद करणारा माणूस तीन वेळा ऐकून बसला! आता संध्याकाळी ह्यांचे जुने विद्यार्थी जाळी टाकून आमच्या उंबऱ्यावर ऐकायला येतात. शरद ऋतूपासून ह्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आता निदान घरात माणसं येतात. आणखी पाठवा. वसीला.

---

सफाक्स, १४ मार्च १९८६

चि. मोंजीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काही मेलंबिलं नाही ते खेचर. तू दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीशी घोळ करतो आहेस. जन्मभर इतकी पुस्तकं कोंबलीस डोक्यात, दोन-चार एकमेकांत मिसळली तर नवल ते काय? खेचर आलं, दार ठोठावलं, म्हाताऱ्याने उघडलं. तूही आता दार उघड आणि चहाच्या दुकानात जाऊन बस.

नवी कॅसेट पाठवते आहे. स्वल्पविरामांना थांबले आहे, मोजून घे.
दूजाताई

---

रम्ला, ५ एप्रिल १९८६

वन्सं,
सलाम, वि. वि. हे पत्र ह्यांच्या नकळत.

तुमचं उत्तर वाचून दाखवलं त्या दिवसापासून घरात शांतता आहे, आणि ती मला आवडत नाही. हे भिंतीकडे तोंड करून जुन्या विद्यार्थ्यांची नावं म्हणत बसतात. एखादं अडलं की कपाळावर मारून घेतात. काल मला विचारलं, आपली विहीर आधी खणली की सासूबाई आधी गेल्या? मी सांगितलं, तर म्हणाले की मलाही तसंच वाटत होतं, पण आता माझ्या वाटण्याचा भरवसा नाही. डोळ्यांनंतर डोकं चाललं, असं त्यांनी मनाशी धरलं आहे. एका खेचरापायी!

वन्सं, तुम्हाला हात जोडून विचारते, त्या पुस्तकात खरं काय आहे?
तुमची,
वसीला

---

सफाक्स, १२ एप्रिल १९८६

चि. मोंजीस,
आशीर्वाद मागाहून, आधी हे ऐक.

खेचर मेलं. दलदलीत रुतून मेलं, अगदी तुला आठवतं तसं. तुझं डोकं ठणठणीत आहे, खोट माझ्यात आहे. ते पान समोर आलं तेव्हा तुझे डोळे जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू अंधारात एकटा बसून ते ऐकणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझ्या तोंडून खेचर मेलंच नाही. उलट ते चालत घरी आलं, मी तरी काय करू?

काल सी फरहातना सगळं सांगितलं. असे भडकले की गोधड्यांनासुद्धा घाम फुटला. म्हणाले, डोळस माणसांना खोडच असते, आंधळ्याला काय झेपेल ते स्वतःच ठरवायची. आम्हाला डोळे नाहीत, काळीज आहे. शेवट पुन्हा वाचून घेतला त्यांनी माझ्याकडून, समोर बसून. तो सोबत पाठवते आहे. पहिली कॅसेट परत धाडायची आहे, ती पुसायचा हुकूम झाला आहे.

लहानपणी तू माझ्यावर रुसायचास तेव्हा खजूर देऊन मनवत असे. सोबत खजूरही आहेत.
दूजाताई

---

रम्ला, २४ एप्रिल १९८६

प्रिय ताईस,
सलाम, वि. वि.

खजूर खाल्ले. बाकी काही पटलं नाही.

तू फार मायाळू आहेस, हीच अडचण आहे. आधी मला बरं वाटावं म्हणून खेचर जगवलंस असं म्हणतेस. कशावरून, आता मला बरं वाटावं म्हणून तू ते मारलं नसशील? वसीला शपथा घेते आहे. तुम्ही दोघी मिळून माझी समजूत काढता आहात, हे न कळायला मी अजून इतका गेलेलो नाही. ताई, माझ्या आणि पानाच्या मध्ये नेहमी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे असतात. ते चांगल्या माणसांचे आहेत, म्हणून तर आणखी भीती.

तेव्हा सी फरहातना वेगळं पत्र घातलं आहे. त्यांच्या कपाटात ह्या पुस्तकाची ठिपक्यांची प्रत आहे, ती आणि ठिपके शिकायची बाराखडी मागवली आहे. तोवर पहिली कॅसेट परत देणार नाही, तो माझा पुरावा आहे. माझं बोट जे सांगेल ते खरं.

रागावलेलो नाही, एवढं नक्की समज.
मोंजी

---

रम्ला, १३ जून १९८६

वन्सं,
ईद मुबारक, आणि सलाम.

तुमचा मसाला घालून कांदा-मनुकांची शर्मूला केली, खारवलेल्या माशाबरोबर सगळी फस्त झाली. ह्यांनी एका हाताने खाल्ली, कारण दुसरा हात बाराखडीवर होता.

काय सांगू तुम्हाला! शाळा सुटल्यावर जन्मभर जाळ्यांचे दोर ओढून ह्यांची बोटं बोटीच्या खुंट्यासारखी झालेली. रोज कोमट ऑलिव्ह तेलात बुडवून बसतात, मी म्हणते आता तळायचीच बाकी आहेत. त्यात ठिपके डावीकडून उजवीकडे धावतात, आणि ह्यांनी सारं आयुष्य अरबी, म्हणजे उजवीकडून वाचलेलं. महिनाभर घरात वाचनापेक्षा शिव्याच जास्त झाल्या. मग एका सकाळी अंगणातून मला अशी हाक मारली की मी हातातलं कालवण टाकून धावले, वाटलं पडले की काय. तर माणूस बोट रोवून बसलेला. मीठ, म्हणाले. वसीला, इथे मीठ लिहिलंय! रडत होते की हसत होते, मला तर सांगता येणार नाही.

आता पुस्तक काखोटीला मारून चहाच्या दुकानात जातात. विद्यार्थी ह्यांची परीक्षा घेतात, आणि चुकलं तर सरांसारखंच टेबलावर रूळ आपटतात. गावात दोन तट पडले आहेत, खेचर मेलेले आणि खेचर जगलेले. शेवटच्या पानावर उडी मारा म्हटलं तर ऐकत नाहीत. मास्तर आहेत, पहिल्या पानापासूनच जाणार.

तुमची,
वसीला

---

सफाक्स, २६ सप्टेंबर १९८६

चि. मोंजीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यावर आणखी थोडे, वि. वि.

तू परत धाडलेली पहिली कॅसेट पोचली, आणि सोबतचं तुझं पत्र. तुझं! वसीलाच्या अक्षरातलं नव्हे, तुझ्या हाताने टोचून टोचून लिहिलेलं. मी तो जाड कागद छातीशी धरून ग्रंथालयाच्या पायरीवर बसले, येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

पण गाढवा, मला ठिपके कुठे येतात? नेलं सी फरहातांकडे. आयुष्यभर डोळस लोकांनी त्यांना पत्रं वाचून दाखवली, आज त्यांनी मला दाखवलं, तेही खुर्चीत ऐसपैस टेकून. खेचर मेलेलं तुझ्या बोटाने वाचलंस, पोटभर रडलास, मग चहाच्या दुकानात जाऊन मास्तरांचं डोकं शाबूत आहे असं जाहीर केलंस आणि सगळ्यांना चहा पाजलास, हे ऐकून मी तिथेच टाळ्या पिटल्या. वसीला गुपचूप ता. क. लिहिते हे तुला पहिल्यापासून माहीत होतं, तू बोलायचा थांबलास तरी लेखणी कुरकुरत राहते म्हणून, हेही कळलं. तिला सांगू नकोस, मजा जाईल. मी मासळीबाजारात उभी असल्यासारखी वाचते हेसुद्धा पुन्हा ऐकलं, आणि ते त्यांनी जरा चवीने वाचलं.

मग एक गंमत झाली. शेवटाकडे त्यांचं बोट एका जागी थांबलं. मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. त्यांनी घसा खाकरला आणि एकदम कळावे, मोंजी, असं म्हणून पत्राची घडी घातली. मी विचारलं, मध्ये काय होतं? तर म्हणे कागद चुरगळलाय. मोंजी, कागद इस्त्रीच्या सदऱ्यासारखा सपाट होता! छापखान्याची चूकसुद्धा न गाळणारा माणूस! नंतर तुझी कॅसेट हातात घेतली, यंत्राकडे वळलेसुद्धा नाहीत. पुसली असं समजा, म्हणाले, आणि खणात टाकली.

तू नक्की माझ्याबद्दल काहीतरी भयंकर लिहिलं असणार. ते मी सोडणार नाही. सी फरहातांकडून बाराखडी मागून आणली आहे. तेलाची कृती वसीलाला विचारून कळव.

दूजाताई

---

सफाक्स, ११ डिसेंबर १९८६

चि. मोंजीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज वाचलं. सकाळपासून खिडकीशी बसले होते, बोटाने वाचताना डोळे मिटायची सवय लागली आहे मला. तुझे ठिपके तुझ्या अक्षरासारखेच वाकडे, त्यामुळे वेळ लागला. तू लिहिलं होतंस:

ताई, आता आपल्यामध्ये कुणी नाही, म्हणून लिहितो. खेचर मेलं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तुझ्या आवाजात ते पहाटे दार ठोठावतं, आणि त्या आवाजावर मी उरलेला हिवाळा तगलो. सोबतची कॅसेट कोरी आहे. खरी मी ठेवून घेतली. सी फरहातना मात्र कळू देऊ नकोस.

शहाण्या माणसा! कळू देऊ नकोस म्हणे, आणि ते वाचणार कोण होतं? आनंदाच्या भरात तुझ्या ध्यानातच आलं नाही. मी तडक त्यांच्याकडे गेले आणि कागद त्यांच्या बोटाखाली ठेवला. म्हटलं, कागद कुठे चुरगळलाय ते दाखवा. ते आधी कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, दूजा बाई, पत्र तुमच्या भावाचं, मी आपला ग्रंथालयाचा माणूस. मोठ्याने वाचलं असतं तर नियमाने ती खरी कॅसेट मागवून पुसावी लागली असती. कागद परत देताना विचारलं, ते खेचर दार ठोठावतं तेव्हा तुम्ही आवाज कशाचा काढलात? टेबलाचा, म्हटलं. म्हणाले, छान जमला असणार.

मोंजी, मी तुझ्यावर दया केली असं मला वाटत होतं. तुला दया नको होती, तुला तुझं पान हवं होतं, आणि ते मिळाल्यावर मग माझं खोटं खेचर तू आपल्या हाताने निवडून घरात बांधलंस. मला इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवारच्या पहिल्या बोटीने येते आहे. पोटाचं जे व्हायचं ते होऊ दे, वसीलाला म्हणावं सातूचा कुसकुस आणि माकूळ तयार ठेव. भल्या पहाटे कुणी दार ठोठावलं तर यंत्र चालू राहिलं असं समजून पडून राहू नकोस. ऊठ आणि उघड.

तुझी,
खेचराहून हट्टी,
दूजाताई