ओठ दिसेनात

४ ऑगस्ट २०२०, मंगळवार
माग परत सुरू. निम्मे विणकर तेलंगणात गावाकडंच अडकलेत, म्हणून उरलेल्यांना दोनाचे चार माग. मास्क काढला की मुकादम ओरडतो. त्याचंही बरोबर म्हणा. पण ह्या खडखडाटात कान कधी उपयोगाचे नव्हतेच. आम्ही ओठांवर बोलायचो. चहा, चेष्टा, सुनेची गाऱ्हाणी, सगळं. आता नुसते डोळे. मुक्यांचा बाजार.

५ ऑग.
अंबादास कामावर आला. बायको, रेणुका, जाऊन महिना नाही झाला. दवाखान्यातून तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही बिचाऱ्याला. मालक म्हणाले, कामात मन रमतं. रमतं की! चार मागांत नुसता पळतोय. 'कोरोनाचं घर' म्हणून जेवायला त्याच्या शेजारी कोणी बसेना. मी बसले. शेंगाचटणी दिली. त्यानं पुडी तशीच खिशात घातली.

७ ऑग., शुक्र.
धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून न्यायचं माझं काम. अंबादासपाशी गेले तर मास्कआडून काहीतरी बोलला. बराच वेळ. वाटलं, कांड्या मागतोय. टोपली पुढं केली. माझ्याकडं बघत राहिला, मग दोन उचलल्या.

८ ऑग.
त्या दोन कांड्या मागाच्या कडेला तशाच. त्याला सूत नकोच होतं. मग काय म्हणत होता? खुणेनं विचारलं. मान हलवली, झालं.
मुकादमाला म्हटलं, त्याला दोनच माग द्या, नाहीतर चार दिवस सुट्टी. म्हणाला, कोणाच्या घरी दुःख नाही अक्का? त्याला मागायला तोंड नाही का?
"तोंडच तर बांधलंय की त्याचं."
हसला मेला.

१० ऑग., सोम.
त्याचे चारही माग बंद. सुटल्यावर तडक त्याच्या घरी गेले. चपला दारात, कडी आतून. मास्क खाली ओढून हाका मारल्या. कितीतरी वेळानं आतून,
"उद्या येतो, अक्का."
एवढी वर्षं त्याचे ओठ वाचले. आवाज असा, मागाविना, कधी ऐकलाच नव्हता. बरा असला की असाच बोलतो का, का हे…
त्याच्या शेजारणीला दाराशी बसवून घरी भाकरी थापायला आले. झाली. परत निघालेय. दार उघडेपर्यंत पायरी सोडायची नाही.