काढलं की सोडली

३ ऑक्टो. २००१, बुध.
संपलं. वर्षभर विक्रीचं टार्गेट एकदाही गाठलं नाही, म्हणून नारळ. एचआरचे खानसाहेब दार लावून म्हणाले, "भाईसाब, खुद रिझाइन कर दो. इज्जत से जाओगे." सोमवारपर्यंत सांगायचंय. बायको, शोभा, जेवली नाही.

४ ऑक्टो., गुरु.
ऑफिसला गेलो नाही. अदिती शाळेतून आली. "बाबा, व्हाय आर यू होम?" सुट्टी म्हटलं.
खानसाहेब कसले साधे! चारच वर्षं झालीत, स्वतः सोडली तर ग्रॅच्युइटी कापणार. त्यांनी काढलं तर पूर्ण. मला हे ठाऊक आहे. पण 'काम जमत नाही म्हणून काढला' असं कागदावर... नको. इथे आखातात नोकरी गेली की व्हिसा रद्द, महिन्याभरात गाशा गुंडाळून भारतात परतायचं, ते वेगळंच.

५ ऑक्टो., शुक्र.
इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत देसाईंनी विचारलं, काय नवीन? तोंडातून गेलं, "राजीनामा दिला. स्वतःचं काहीतरी बघतोय." लोकांनी अभिनंदन केलं! शो. समोरच होती.

६ ऑक्टो., शनि.
विलासचा फोन, टोरांटोहून. माझा साडू. लग्नापासून त्याचं सगळं माझ्यापेक्षा एक पायरी वर. त्याला दोन महिन्यांपूर्वीच काढलंय, आज सांगतोय. कारण? "अरे, मला ते सॉफ्टवेअर जमेचना!" आणि हसतोय. सरकार दर आठवड्याला भत्ता देतं. मी म्हटलं, नालायक ठरवून काढलं तरी? "चोरी-लबाडी केली असती तर नसता मिळाला. काम न जमणं हा काही गुन्हा नाही, असं म्हणतात इथे. राजीनामा दिला असता तर मात्र बोंबललो असतो."
जळफळाट झाला. काम त्यालाही जमलं नाही, मलाही नाही. तो सोफ्यावर बसून भत्ता खातोय, मी बॅगा मोजतोय. इथे असलं काही नाहीच. नशीब काढलंय लेकाने. हेवा वाटतो, भयंकर वाटतो, लिहून टाकतो.
नंतर शो. तासभर बहिणीशी, विलासच्या नंदाशी, बोलली. ठेवताना म्हणाली, "विलासभावजींनी तिला त्याच दिवशी सांगितलं. तिच्या सासूबाईंनाही." पैशांचं नाव नाही. मला तेच जास्त झोंबलं.

७ ऑक्टो., रवि.
शो. म्हणाली, राजीनाम्यावर सही करू नकोस. आपल्या हक्काचं आहे ते घे. मी म्हटलं, मंडळात काय सांगू?
"काढलं म्हणून सांग."
"तुला चालेल?"
तिने कढई घासायला घेतली. मग म्हणाली, "मी देसाईवहिनींना कालच सांगितलं."
भडकलो. मग विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणाली, तूच जाऊन विचार.
उद्या दहा वाजता खानसाहेब. राजीनाम्याचा आणि काढल्याचा, दोन्ही कागद तयार असतील.