मादाम वोक्लेर पुन्हा वाजवणार

नान्सी, ४ ऑक्टोबर १९२६
पोचले एकदाची! मादाम वोक्लेरच्या घरात मला बागेकडची खोली मिळाली आहे. ज्यांचं व्हायोलिन ऐकायला सारा युरोप लोटायचा, त्यांनी एपिनालच्या पाववाल्याच्या मुलीला दारात तरी उभं केलं असतं का? पण मला गावात शिकवणाऱ्या पेल्तिए मास्तरांनी शब्द टाकला. निरोप देताना मास्तरांचे डोळे भरून आले होते.
मादामचा डावा हात आखडून मुठीसारखा मिटलाय, म्हणून मैफली सुटल्या. जीभ मात्र शाबूत! माझं वाजवणं ऐकून म्हणाल्या, "अगं एदमे, वाजवत्येस की कणीक मळत्येस?" मी हसत सुटले. जेवायला बटाट्याचं वाफाळतं सूप होतं.

११ ऑक्टोबर
शिकवणी झाली की मादाम माझा डावा हात आपल्या हातांत घेऊन बसतात. ऊब बरी वाटते म्हणतात. मलाही बरं वाटतं; आई गेल्यापासून कुणी असा हात धरला नव्हता. वसंतात त्या मला स्वतः रंगमंचावर आणणार आहेत.

२ नोव्हेंबर
करंगळी वळेना. थंडीमुळे असेल. मादामनी आज दोन्ही हातांनी पाव कापला. मी कौतुकाने ओरडलेच.

१९ नोव्हेंबर
बाजारातून परतले तर माझ्या खोलीतून व्हायोलिन ऐकू आलं. सूर चढताना किंचित रेंगाळायची ती लकब माझी आहे. मास्तर तिला खोड म्हणायचे. दार उघडलं. मादाम वाजवत होत्या. डाव्या हाताची बोटं तारांवर भरभर पळत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाजवणं थांबवलं नाही.

२६ नोव्हेंबर
डावा हात पुरता मिटलाय. मास्तरांना तार केली, मला घेऊन जा.

३० नोव्हेंबर
मास्तर आले. मी रडत हात दाखवला. मग त्यांनी हातमोजे काढले.
त्यांचा डावा हात मी कधीच उघडलेला पाहिला नव्हता. युद्धातली जखम, असं सांगायचे. आज पाचही बोटं सरळ होती.
म्हणाले, तरुणपणी तेही याच घरात शिकले. त्यांच्या बोटांवर मादामनी नाव कमावलं. ती बोटं थकली, तेव्हा बाईंनी कबूल केलं होतं की नवा हात आणून दे, तुझा परत देते.
मी विचारलं, "मला फुकट शिकवायला घेतलंत, ते यासाठी?"
खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चिडू नकोस, पोरी. तूही कुणीतरी शोध. गावात गुणी मुलं मिळतात."
आणि गेले. मला न घेता.

४ डिसेंबर
दाराला बाहेरून कडी. खिडकीतून दिसतं, बागेपलीकडच्या भिंतीवर तिच्या मैफलीचं पत्रक. खाली तालीम चाललीये. डावा हात सुंदर — माझाच तो. पण तारांवर फिरणारा गज थरथरतो. तिचा उजवा हात म्हातारा आहे. मला ऐकू येतंय. तिलाही —

६ डिसेंबर
आली. शेजारी बसली. म्हणाली, फक्त मैफलीपुरता, उजवा. मी हात ओढला. तिने सोडला नाही. बराच वेळ —

७
अक्षर फुटतंय. पेन दोन बोटांत —
खाली गज आता थरथरत नाही —
मास्तर, ऐका — मी नाही शोधणार — कुणाचंही पोर इथे आणणार ना