चोरून न खाल्लेल्या पेढ्यांबद्दल

मृत्युपत्र लिहून ठेवते मी, श्रीमती चंद्राबाई नरहरी बोडके, वय ७२, राहणार माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. आज सकाळची माझी साखर १४२ आहे, डोकं ठिकाणावर आहे, कोणाची दमदाटी नाही. या घरात दमदाटी मीच करते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी सांगते, वकीलबाई अपेक्षाताई लिहितात.

१. राहतं घर आणि मागच्या चार भाड्याच्या खोल्या यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केल्या. घर व तीन खोल्या मुलगा इंद्रजित यास. अट कलम ५ मध्ये.

२. पाटल्या सून स्नेहल हिला. तिनं माझ्या उशीचा अभ्रा काढून पेढे शोधले. पेढे नव्हते, पाटल्या होत्या. जिथल्या तिथं ठेवल्या. पोरगी लबाड न्हाई, नवऱ्याचं लई ऐकती.

३. चौथी खोली रेश्मा हिला. दोन वर्षं रोज घरी येऊन ही नर्स माझी साखर तपासायची, इन्सुलिन टोचायची, पायाची जखम बांधायची. गेल्या मे महिन्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेली. लाईट सारखी जायची, म्हणून इंद्रजितनं माझं इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवलं. म्हणे जास्त गार, जास्त टिकेल. अरे, कुल्फी हाय का ती? दोन्ही वेळा तोच टोचायचा, मनापासून. साखर चारशेला भिडली. सगळ्यांचा एकच निकाल, म्हातारी चोरून खातीया. मी शपथा घेतल्या. त्यानं देव्हाऱ्यातली खडीसाखरसुद्धा कुलपात घातली. देवाला बी पथ्य!

रेश्मानं आल्या आल्या फ्रीझर उघडला आणि कपाळाला हात लावला. "दादा, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आज्जी खरं बोलत्यात." दादानं तिलाच कामावरून काढलं. आठवड्यात माझ्या उजव्या पायाची करंगळी कापावी लागली. रेश्मा अजून येते, पाय बघून जाते, पण मागच्या दारानं. का म्हणून? तिला स्वतःचं दार असावं.

४. फ्रीज रेश्माला. साखर तपासायचं यंत्र इंद्रजितला. चहात तीन चमचे घेतो आणि मला शिकवतो.

५. माझ्या दहाव्याला पिंड ठेवल्यावर इंद्रजितनं भावकीसमोर मोठ्यानं म्हणावं, "आईनं चोरून खाल्लं नव्हतं. चूक माझी." त्याशिवाय कावळा शिवायचा न्हाई. दर्भाचा कावळा करून उरकलं, तर घर व तीन खोल्या गावच्या दवाखान्याला. करंगळीचं मी सोसलं. पण लग्नात पंगतीला बसले की बायका माझ्या ताटात डोकावतात, ते सोसत न्हाई.

६. वकीलबाई म्हणतात, ही अट कोर्टात टिकेलच असं नाही. नको टिकू दे. एक प्रत आजच फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवते. इंद्रजितनं वाचावी. दोघंच असताना नुसतं "आई, चुकलं" म्हटलं, तरी कलम ५ मी माझ्या हातानं फाडीन. दहाव्यापर्यंत कशाला थांबतोस, बाळा? मी हितंच हाय.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे. अंगठा देणार नाही, बोटं टोचून टोचून बधिर झालीत. सही करते.

सही: चंद्राबाई नरहरी बोडके
साक्षीदार: १. कोंडिबा भैरू बोडके, चुलतदीर २. तुळजाबाई मारणे, शेजारीण
माण, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५