टाचेवरची पट्टी

सोमवार, ३ तारीख

आजपासून कामाला लागलो. या वयात कुणी नोकरी देईल असं वाटलं नव्हतं. निघताना तीनदा परत फिरलो. एकदा चष्म्यासाठी, एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगाच. सून म्हणाली, बाबा, आता निघा, नाहीतर तुमच्या जागी मीच जाते. मला विसरायला होतं म्हणून ही वहीही तिनंच दिली. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर बरं आहे.

काम सोपं आहे. खालच्या मजल्यावर मुलाखतीला आलेली मुलं थांबतात. त्यांना पाणी द्यायचं आणि त्यांच्याशी बोलायचं. मोठ्या बाई स्वतः दारापर्यंत घ्यायला आल्या. म्हणाल्या, मुलं आमच्यापुढं पाठ केलेलं बोलतात, तुमच्यापुढं खरं बोलतील. त्यांना नोकरीत काय हवं आहे ते विचारा, आणि तेच आत येऊन मला सांगायला सांगा. मला खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. खुर्चीचा एक पाय हलतो की काय असं वाटतं, पण पहिल्याच दिवशी कशाला बोला.

मंगळवार, ४

येणाऱ्या प्रत्येकाचे बूट नवे असतात आणि प्रत्येकाला चावतात. चष्मेवाली एक मुलगी लंगडत आली, टाच चांगलीच सोलली होती. मी कापूस आणि चिकटपट्टी आणून ठेवली आहे. पट्टीचे कोपरे गोल कापले की ती निघत नाही, ही माझी जुनी युक्ती. लावता लावता विचारलं, पोरी, काय हवं तुला? ती म्हणाली, चारचौघांत कुणी ओरडू नये, एवढंच. आधीच्या ठिकाणी रोज बाथरूममध्ये जाऊन रडायची म्हणे. वडिलांना कळू नये म्हणून तोंड धुऊन घरी जायची.

एका उंच मुलाला खिडकीजवळची जागा हवी होती. दुसरा म्हणाला, नाही तर नाही म्हणा, पण काहीतरी कळवा. मी शंभर ठिकाणी अर्ज केले, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मला वाटायचं, आजकालच्या पोरांना सगळं आभाळाएवढं हवं. यांचं मागणं मुठीत मावेल एवढं.

आत बाईंशी बोलून ती बाहेर येतात तेव्हा चेहरे अगदी निवळलेले असतात. लगेच जिना चढून वर कामाला जातात. चष्मेवाली लंगडतही नव्हती.

शुक्रवार, ७

काल घरी या जागेचं फार कौतुक केलं. नातू ऐकत होता. शिकून वर्ष झालं, दिवसभर फोनकडं बघत बसतो. मुलगा गेल्यापासून या पोराकडं बघूनच मी आणि सून दिवस काढतो. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. तो पानं लपवतो, मी दिसलं नाही असं दाखवतो, मग तोच म्हणतो, आजोबा, तुम्ही फार सोपे आहात. डाव मांडताना त्याला विचारलं, तुला काय हवं रे? बराच वेळ पिसत राहिला. मग म्हणाला, ऊन असताना घरी यावं, तुमच्याशी एक डाव व्हावा, आणि मधे कुणाचा फोन येऊ नये.

हे मी आज बाईंना सांगितलं. भरभरून सांगितलं. त्या म्हणाल्या, पाठवा की त्याला.

गुरुवार, १३

चष्मेवालीचे वडील फाटकाशी उभे होते. म्हणाले, पोरगी घरीच येत नाही. फोन केला की म्हणते, मी बरी आहे, मला काही नको. आवाज तिचाच, पण जेवलीस का विचारलं की परत तेच. त्यांनी डबा दिला. मला वर जायचं काम नाही, गुडघेही धरतात, तरी गेलो.

वर सगळं छान आहे. मोठ्या खिडक्या, मऊ खुर्च्या, कुणी कुणावर ओरडत नाही. उंच मुलगा खिडकीशी बसला होता, बाहेर बघत नव्हता. प्रत्येकापुढं पाण्याचा पेला, काठोकाठ भरलेला, वर धूळ. मी मुलीला म्हणालो, वडील खाली थांबलेत. ती हसली. म्हणाली, काही नको, आजोबा. म्हणजे वडील नकोत असं नव्हे. काहीच नको.

तिची टाच दिसली. माझीच पट्टी, गोल कोपऱ्यांची, आत्ता लावल्यासारखी कोरी. कड उचलून पाहिली. जखम ओली होती. नऊ दिवसांत खपलीसुद्धा धरली नव्हती.

डबा तिच्या पायाशी ठेवून आलो. खाली वडिलांना काय सांगावं कळेना. पोचवला म्हणालो.

बुधवार, १९

बाईंना विचारलं. रागावल्या नाहीत, त्यांचा आवाज कधी चढत नाही. म्हणाल्या, मुलं काय हवं ते मला सांगतात आणि मी ते त्यांच्याकडून काढून घेते. मागणं गेलं की दुखणं गेलं. बघा ना, किती शांत असतात. आणि तुमच्याशिवाय ती खरं सांगत नव्हती हो.

म्हणजे मी— पट्ट्या लावून लावून—

नातवाला सोमवारी बोलावलं आहे.

रविवार, २३

जाऊ नको म्हणालो. कारण सांगता येईना, सांगितलं तर सून माझ्या कपाळाला हात लावून बघते, औषध चुकलं का विचारते. नातवानं फोन उपडा ठेवला. मग म्हणाला, सगळे नाही म्हणतात, तुम्ही तेवढे राहिला होता, आजोबा.

त्याला म्हटलं, बरं, जा. पण काय हवं विचारलं तर खोटं सांग. गाडी सांग, मोठं पद सांग. तो हसला. त्याचे बूट मी रात्री तेल लावून मऊ केले. तेवढंच हातात होतं.

सोमवार, २४

तो खोटंच बोलला. दाराशी उभं राहून ऐकलं मी. गाडी म्हणाला. पण बाई म्हणाल्या, आजोबा तर सांगत होते, ऊन असताना घरी, एक डाव— खरं का?

तो लाजून हो म्हणाला असणार. मला ऐकू आलं नाही. मग शांत झालं.

बाहेर आला. माझ्या शेजारून गेला. जिना चढला— मी हाक मारली. वळून हसला, सगळ्यांशी हसतात तसा.

मंगळवार, २५

पत्ते घेऊन वर गेलो. त्याच्या हातात पानं दिली. धरली. लपवलं एकही नाही. मी म्हणालो, लपव की रे— मला दिसत नाही, लपव—

काही नको, आजोबा.

सून फाटकाशी आहे. चष्मेवालीचे वडीलही. दोघांच्या हातात डबे आहेत.

बुधवार, २६

बाईंनी आत बोलावलं. खुर्ची, उशी. आजोबा, तुम्हाला काय हवं, म्हणाल्या. जन्मात कुणी विचारलं नव्हतं मला हे. चहा म्हणायचं ठरवलं होतं. चहाच म्हणायचं— पण तोंडातून—

लिहून ठेवतो, म्हणजे राहील. मला माझा नातू घरी हवा. ऊन असताना. एक डाव—

दुपार

जिना चढून वर आलो, गुडघे दुखत नाहीत. खुर्ची हलत नाही.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच आहे. कुणाचा तरी नातू— वाईट झालं म्हणायचं.

खाली एक बाई रडते आहे. बाबा, बाबा म्हणते. तिला पाणी द्यायला हवं होतं, पण जिना—

समोर एक पोरगा बसला आहे. हातात पत्ते. बूट नवे, तेल लावलेले. कुणी लावलं असेल— छान मऊ—

कुणीतरी मला विचारलं, काही हवं का. मी म्हणालो, काही